डब्याने वाचलेला रिपोर्ट

आमच्या एक्स-रे विभागात रिपोर्ट टाइप करायला जे गृहस्थ होते, त्यांना डोळ्यांनी अजिबात दिसत नसे. एकोणिसाव्या वर्षी ताप मेंदूत गेला आणि जाताना दृष्टी घेऊन गेला, एवढंच ते सांगत. डॉक्टर एकेक फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून टेपरेकॉर्डरमध्ये बोलत जायचे, ती कॅसेट यांच्याकडे यायची आणि हे एका कानाला इअरफोन लावून सगळं टाइप करायचे. दिवसाला साठ-सत्तर रिपोर्ट. डॉक्टर मध्येच खोकले, कुणावर डाफरले, वाक्य अर्धं सोडून फोनवर बोलत बसले, तरी कागदावर यायचं ते फक्त रिपोर्टापुरतं. म्हणून डॉक्टरांनीच त्यांचं नाव कानसेन ठेवलं. त्यांनाही ते आवडलं असावं. फोन उचलला की स्वतःच म्हणायचे, "बोला, कानसेन बोलतोय."

मी त्याच विभागात फोटो काढायच्या कामाला होते. त्यांच्या आणि माझ्या खोलीत एक पातळ लाकडी भिंत, त्यामुळे त्यांच्या कळांची टकटक मला दिवसभर ऐकू यायची. टाइपरायटरच्या काळात एकदा त्यांची रिबन संपली. यंत्र टकटकतच राहिलं, त्यांना कळणार कसं? सात पानं कोरी गेली. रेकॉर्डच्या कारकुनानेही न बघता टाचून वॉर्डांत पाठवली. संध्याकाळी वरून एका सिस्टरचा फोन आला, "रिपोर्टात काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे नॉर्मल समजायचं ना?" हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगत आणि सगळ्यांत मोठ्याने हसत.

मग कॉम्प्युटर आला. हल्लीसारखा नव्हे. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. चित्र नाही, बाण नाही. आज्ञा टाइप करायची, एंटर दाबायचं आणि यंत्र काय म्हणतं ते वाचायचं. वाचायचं म्हटल्यावर कानसेनांच्या पोटावर पाय आला, असंच आम्ही धरून चाललो होतो. पण ते स्वतः एका अंधांच्या संस्थेत खेटे घालून एक डबा मिळवून आले. जाड शब्दकोशाएवढा, पुढे जाळी, मागून एक तार. त्या तारेतून जी अक्षरं येतील ती तो डबा बोलून दाखवायचा, एकसुरी, शब्द तोडत, सर्दी झालेल्या माणसासारखा.

कंपनीच्या इंजिनियरने एक दुपार खर्ची घालून तो जोडून दिला. मी तेव्हा तिथेच उभी होते.

"यंत्र चालू झालं की पहिल्यांदा ही एक फाइल वाचतं," इंजिनियर म्हणाला. "हिच्यात 'डिव्हाइस'ने सुरू होणाऱ्या ओळी आहेत. एक ओळ म्हणजे एक ड्रायव्हर. तुमच्या डब्याची ओळ शेवटून दुसरी. ती पुसली की डबा मुका. कुणाला हात लावू देऊ नका."

"ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय?" कानसेनांनी विचारलं.

"यंत्राला डब्याशी बोलता यावं म्हणून लागतो तो."

"आणि डबा नसता तर? बाकीच्या वस्तूंशी यंत्र कसं बोलतं?"

"त्यांचेही असतात. काही आधीपासून आत असतात, काही आपण या ओळींनी आणतो." इंजिनियर बॅग बंद करत होता. "तुम्हाला ते कळून काय करायचंय? डबा बोलतोय ना?"

डबा बोलत होता. कानसेन आठवड्याभरात त्याला इतके सरावले की टेप उजव्या कानात, डबा डाव्या बाजूला, आणि बोटं दोघांच्या मधोमध. "घरी बायको बोलते, इथे हा बोलतो," ते म्हणायचे. "गप्प बसायची मुभा फक्त मला." त्यांची बायको चादरी शिवण्याच्या कारखान्यात होती. सकाळी ती त्यांना कोपराला धरून आमच्या फाटकापर्यंत सोडायची आणि तशीच पुढे कामावर जायची. दोघं भांडत यायची, पण कोपर सुटलेलं मी कधी पाहिलं नाही.

आता मावशींविषयी सांगायला हवं. आमच्या मजल्यावर फरशी पुसायला, फिल्मांचे गठ्ठे इकडून तिकडे न्यायला एक बाई होत्या. पन्नाशीच्या, बारीक, पायात नेहमी दोन नंबर मोठे बूट. सगळे त्यांना मावशी म्हणत. पंधरा वर्षं त्या मजल्यावर होत्या आणि पंधरा वर्षांत त्यांचं नाव काय, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. अकरा वाजता त्या कानसेनांना चहा आणून द्यायच्या, कपाचा कान बरोबर त्यांच्या उजव्या हाताला येईल असा. दुपारी तीनला बादली घेऊन यायच्या. बादलीची कडी वाजली की कानसेन न सांगता उठून बाहेर व्हरांड्यात उभे राहायचे, म्हणजे खुर्ची सरकवून खालून पुसता येईल. पुसून झालं की मावशी म्हणायच्या, "या भाऊ, वाळलंय."

त्या वर्षी नवा नियम निघाला. इस्पितळातल्या सगळ्या नोकरवर्गाच्या छातीचा फोटो काढायचा. डॉक्टर झाले, सिस्टर झाल्या, शेवटी मदतनिसांची पाळी आली. अकरा जण होते. मी एका सकाळी त्यांचे फोटो काढले, डॉक्टरांनी दुपारी एका कॅसेटवर अकराही रिपोर्ट बोलून दिले. कानसेनांनी भिंतीवर टकटक करून मला विचारलं, "ताई, डॉक्टरांची फाइल 'डॉक' नावाने ठेवलीय, सिस्टरांची 'नर्स'. या लोकांची कुठल्या नावाने ठेवू? नाव आखूड हवं."

माझ्यासमोर यादी होती. वर 'ऑक्झिलरी स्टाफ' असं छापलेलं. मी म्हटलं, "ए-यू-एक्स ठेवा. सुटसुटीत."

"झकास," ते म्हणाले.

पुढचे पाच महिने काही झालं नाही. नोकरवर्गाच्या रिपोर्टांचं काम वरच्या कचेरीत. ज्यांच्या नावाचा कागद आला नाही त्यांचं सगळं ठीक, असा तिथला हिशेब. मावशी बारीक होत्याच, आणखी बारीक झाल्या. खोकायच्या. मी एकदा म्हटलं, "मावशी, औषध घ्या काहीतरी." त्या म्हणाल्या, "घेते की." तेवढंच.

एका सोमवारी त्या जिन्यात बसल्या त्या उठल्याच नाहीत. तोंडाला लावलेल्या पदराला रक्त होतं. लगेच वर दाखल केलं आणि फोटोसाठी माझ्याच खोलीत आणलं. फिल्म ओली असतानाच मला दिसलं. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या बाजूला मुठीएवढा पांढरा डाग. डॉक्टर कितीतरी वेळ पेटीसमोर उभे राहिले. मग म्हणाले, "पाच महिन्यांपूर्वी सगळ्यांचे काढले होते ना? हिचा कुठाय?"

जुनी फिल्म मीच शोधून काढली. त्याच जागी डाग होता, लिंबाएवढा. फिल्मच्या कोपऱ्यात डॉक्टरांची पेन्सिलची खूण होती. रिपोर्ट बोलून झाला की ते अशी खूण करत. म्हणजे डॉक्टरांनी पाहिलं होतं, बोललेही होते. दिवसाला सत्तर फिल्म बघणाऱ्या माणसाला त्यातली एक आठवणार नाही, पण खूण होती.

"तेव्हाच कापून काढता आला असता?" मी विचारलं.

"कदाचित," डॉक्टर म्हणाले. पेटीचा दिवा त्यांनी बंद केला.

रिपोर्ट कुठे गेला, याची चौकशी लागली. कागद नव्हता. एका मावशींचाच नव्हे, अकराही जणांचा नव्हता. यंत्रात फाइल नव्हती. कॅसेट केव्हाच पुसून परत वापरली गेली होती. अधीक्षकांनी कानसेनांना बोलावलं. डॉक्टरांनी मलाही बरोबर पाठवलं.

"तुम्ही हे रिपोर्ट टाइप केलेच नाहीत," अधीक्षक म्हणाले.

"केलेत साहेब. अकरा. तिसऱ्यात डॉक्टर शिंकले होते, तेही आठवतंय."

"मग गेले कुठे?"

"ते मला सांगता येत नाही."

अधीक्षक माझ्याकडे वळले, जणू कानसेन खोलीत नाहीतच. "दिसत नसलेल्या माणसाला असलं काम द्यायचं म्हणजे असं होणारच. मी तेव्हाच म्हणत होतो."

कानसेनांनी मान खाली घातली नाही, पण त्यांची बोटं गुडघ्यावर टाइप करत असल्यासारखी हलत होती. बाहेर आल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच होता.

"ताई, हा रिपोर्ट कुणाचा? कचेरीवाले सारखं एक नाव घेत होते. त्या नावाचं कोण आहे आपल्याकडे?"

"मावशी," मी म्हटलं. "आपल्या मावशी."

ते व्हरांड्याच्या कठड्याला टेकले. जरा वेळाने म्हणाले, "ते नाव मी टाइप केलं होतं. डाग, संशय, पुढची तपासणी तातडीने, सगळं टाइप केलं होतं. मला काय माहीत ते नाव त्यांचं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना वरच्या वॉर्डात घेऊन गेले. मावशी खिडकीकडच्या खाटेवर होत्या. आम्हाला बघून उठून बसायला लागल्या.

"पडून राहा," कानसेन म्हणाले. "मावशी, मला माफ करा. तुमचा रिपोर्ट माझ्याकडून कुठेतरी हरवला."

"हरवला कुठे?" मावशी म्हणाल्या. "तुमच्या डब्याने वाचला की."

"डब्याने?"

"मी पुसायला आले तेव्हा. माझं नाव घेतलं, मग पुढचं सगळं. इंग्रजी मला येत नाही, पण पंधरा वर्षं डॉक्टरांच्या खोलीतही फरशी पुसतेय भाऊ. कुठल्या शब्दानंतर डॉक्टर आवाज खाली आणतात ते मला पाठ आहे. तुमच्या डब्याने आवाज खाली आणला नाही, एवढंच."

कानसेनांचा हात माझ्या कोपरावर होता. तो घट्ट झाला.

"मी आत आले आणि तुम्ही उठून बाहेर गेलात," मावशी सांगत राहिल्या. "डबा तसाच चालू ठेवून. मला वाटलं, तोंडाने सांगवत नसेल म्हणून तुम्ही तसं ऐकवलंत. मनात म्हटलं, भला माणूस आहे."

"मग तुम्ही डॉक्टरांकडे का नाही गेलात?" हे मी विचारलं.

"काही करण्यासारखं असतं तर त्यांनीच बोलावलं असतं ना, ताई? कुणी बोलावलं नाही, म्हणून समजले."

सिस्टर थर्मामीटर घेऊन आल्या म्हणून आम्ही निघालो.

कानसेन जिना उतरून खाली आले. खोलीत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मला ती दुपार आठवतेय. फाइल ठेवायची आज्ञा दिली आणि डबा आपणहून बडबडायला लागला. वाटलं, चुकीची कळ लागली. गप्प करायची कळ दाबली, तर गप्प बसेना. कधी असं होत नाही. तेवढ्यात बादली वाजली, मी वैतागून उठलो. परत येईपर्यंत तो थांबला होता आणि यंत्र पुढच्या कामाला तयार होतं. मी पुढची कॅसेट लावली." मग म्हणाले, "ताई, त्या यंत्राबरोबर एक जाड पुस्तक आलं होतं ना?"

पुस्तक कपाटाच्या माथ्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं. साडेचारशे पानं. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी ते त्यांना वाचून दाखवायला लागले. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी वाचायची, ते थांबवायचे, मागचं वाक्य परत वाचायला लावायचे आणि मग मलाच समजावून सांगायचे. इंजिनियरने दुपारभरात सांगितलं नव्हतं ते त्यांनी नऊ दिवसांत त्या पानांतून उकरून काढलं.

यंत्राला स्वतःला प्रिंटर काय, डबा काय, काहीच कळत नाही. त्याला फक्त 'या नावाला ही अक्षरं दे' एवढंच म्हणता येतं. त्या नावामागे ड्रायव्हर बसलेला असतो. समोरच्या वस्तूला कुठल्या तारेतून, किती वेगाने, कशी अक्षरं द्यायची हे त्याला ठाऊक. प्रिंटर बदलला तर ड्रायव्हर बदलायचा, यंत्राला पत्ताही लागत नाही. ड्रायव्हरांच्या दोन जाती. एक जात अक्षरामागून अक्षर देते-घेते, जशी कीबोर्डाची, डब्याची. दुसरी एकदम मोठा तुकडा उचलते, जशी डिस्कची.

"म्हणजे तुम्ही दुसऱ्या जातीच्या," ते मला म्हणाले. "अख्खं पान एका नजरेत. मी पहिल्या जातीचा." त्या नऊ दिवसांत त्यांनी केलेला हा एकच विनोद.

नवव्या दिवशी मी एक तक्ता वाचत होते. यंत्राने स्वतःसाठी राखून ठेवलेली नावं. "सी-ओ-एन, म्हणजे कीबोर्ड आणि पडदा. पी-आर-एन, म्हणजे प्रिंटर. ए-यू-एक्स..." आणि मी थांबले.

"पुढे वाचा," ते म्हणाले.

"ए-यू-एक्स. म्हणजे मागची पहिली जोडणी."

डब्याची तार त्याच जोडणीत खोचलेली होती.

त्यांनी हाताने चाचपत ती तार जोडणीपर्यंत तपासली. मग एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाले, "मी फाइलचं नाव सांगतो तेव्हा यंत्र डिस्ककडे जायच्या आधी ड्रायव्हरांची साखळी तपासतं. एकाकडे दुसऱ्याचा पत्ता, दुसऱ्याकडे तिसऱ्याचा. त्यांत ते नाव सापडलं तर डिस्कपर्यंत जाणं नाहीच. नावापुढे टिंब देऊन कुठलंही शेपूट लावा, तिकडे बघितलंच जात नाही. मी म्हटलं ए-यू-एक्समध्ये ठेव. त्याने ठेवलं. तारेतून सगळी अक्षरं डब्याला दिली आणि मला सांगितलं, काम झालं. खोटं नाही बोललं."

त्यांनी यंत्र चालू केलं. एक ओळ टाइप केली, 'ताई ऐकताय का', इंग्रजी अक्षरांत, आणि त्याच नावाने ठेवायची आज्ञा दिली. डबा आपल्या सर्दी झालेल्या आवाजात ते वाकडंतिकडं म्हणाला. मग त्यांनी फाइलींची यादी मागवली. अशी फाइल नव्हती. रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या सगळ्या फाइली एका आज्ञेत छापल्या जात. जी यादीत नाही ती छापली जाणार कशी?

"त्या साखळीच्या अगदी तोंडाशी 'नल' नावाचा एक असतो," ते म्हणाले. "त्याला काहीही द्या, गिळून टाकतो. त्या नावाने ठेवलं असतं तर मावशींनाही कळलं नसतं." हे बरं झालं असतं की वाईट, ते त्यांनी सांगितलं नाही.

अधीक्षकांच्या समोर, डॉक्टरांच्या समोर त्यांनी तोच प्रयोग पुन्हा करून दाखवला. डॉक्टर खुर्चीतून उठून डब्याजवळ आले.

"म्हणजे दोष यंत्राचा," अधीक्षक म्हणाले. त्यांच्याही जिवावरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. "तसं लिहून द्या, प्रकरण मिटलं."

"यंत्राचा नाही साहेब. पुस्तकात छापलेलं आहे, ही नावं वापरू नका म्हणून. पुस्तक पिशवीत होतं."

"पण ते नाव ठेवलं कुणी?"

मी तिथेच होते. कानसेन म्हणाले, "मी ठेवलं."

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "नाव मी सुचवलं होतं. तुम्ही का नाही सांगितलंत?"

"मी विचारलं, तुम्ही सांगितलंत. ठेवलं मीच ना? आणि छापून आलेलं मोजायचं कामही माझंच होतं." मग म्हणाले, "चला, तुमची पेशंट बाहेर बसलीय. मघापासून बांगड्या वाजतायत."

त्यांनी हे इतक्या साधेपणाने म्हटलं की मला रडूही आलं नाही. पण आत जाऊन त्या बाईचा फोटो मी दोनदा बिघडवला.

त्यांची शिक्षा म्हणून एक वेतनवाढ रोखली. मला कुणी काही विचारलं नाही. मीही पुन्हा अधीक्षकांकडे गेले नाही. जायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मावशींना तोपर्यंत मोठ्या इस्पितळात हलवलं होतं. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती, आता नुसते किरण आणि कडक इंजेक्शनं देत होते. एका रविवारी कानसेन, त्यांची बायको आणि मी असे तिघं तिथे गेलो. मावशींची मुलगी बाहेर बाकावर बसली होती. तिने आमच्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि बाजूला सरकून वाट दिली.

कानसेनांनी सगळं सांगितलं. ड्रायव्हर, साखळी वगैरे नाही. एवढंच म्हणाले, तो रिपोर्ट मी मुद्दाम ऐकवला नव्हता, डबा चुकून बोलला आणि मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. मी नेहमीसारखा फरशीसाठी उठलो होतो.

मावशींच्या डोक्यावरचे केस गेले होते. रुमाल बांधला होता. त्या ऐकत राहिल्या.

"म्हणजे तुम्हाला माहीतच नव्हतं?"

"नाही."

"आणि डॉक्टरांना?"

"त्यांना वाटलं, कागद पोचला."

मावशींनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "मी रोज चहा घेऊन यायचे तेव्हा वाट बघायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, आज तरी भाऊ विचारतील, मावशी कशा आहात. तुम्ही आपले डब्याचे विनोद सांगायचात. मला राग यायचा. एकदा तर साखर घातली नाही मुद्दाम."

"आठवतंय," कानसेन म्हणाले. "मला वाटलं, विसरलात."

त्यांच्या बायकोने पुढे होऊन मावशींची चादर सारखी केली. चादरीचं टोक तिने उलटून बघितलं, शिवण कशी आहे ते, सवयीने, आणि मग लाजून सोडून दिलं.

"बरं झालं, येऊन सांगितलंत," मावशी शेवटी म्हणाल्या. पण तो आवाज बरं झाल्याचा नव्हता. आम्ही निघताना त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. मला वाटतं, भल्या माणसाने आपल्याला हळूच ऐकवलं, ही समजूत त्यांना तेवढे महिने धरून होती, आणि आम्ही ती काढून घेतली. खरं सांगणं जरूर होतं असं कानसेन म्हणत. त्यांची बायको म्हणे, "जरूर कुणाला होतं? तुम्हाला." यावरून त्यांच्यात अबोला झाला. फाटकापर्यंत ती त्यांना सोडायला येत राहिली, पण आता दोघं भांडत येत नसत.

मावशी सात आठवड्यांनी गेल्या. बातमी कचेरीतून कागदावर आली, पूर्ण नावानिशी. कारकुनाने तो कागद मोठ्याने वाचला आणि विचारलं, "कोण हो या?" कानसेनांनी यंत्र बंद केलं आणि त्या दिवशी पुन्हा चालू केलं नाही.

त्यानंतर ते संध्याकाळी एकही पान बिनमोजणीचं जाऊ देत नसत. कॅसेटवरचे आकडे एका बाजूला, छापलेली पानं दुसऱ्या बाजूला. कारकुनाला उभं करून मोठ्याने मोजायला लावत. कारकून वैतागायचा. म्हणायचा, "दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक किती फुंकायचं?" कानसेन म्हणत, "तू मोज." ड्रायव्हरांचं ज्ञान मात्र त्यांचं वाढत गेलं. पुस्तक मी त्यांना दोनदा अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. दुसऱ्या विभागांत प्रिंटर चालेनासा झाला की लोक त्यांना फोन करायचे. ते म्हणायचे, "सुरुवातीची फाइल उघडा आणि ओळी वाचा, वरून खाली." आणि फोनवरच कुठली ओळ कुठे सरकवायची ते सांगायचे. एकदा तर त्या इंजिनियरचाच फोन आला. लोक कौतुक करायचे. त्यांना ते कौतुक सोसत नसे. फोन उचलून ते आता फक्त "एक्स-रे" एवढंच म्हणत.

चार वर्षांनी ती यंत्रं गेली. नवीन आली ती चित्रांची. पडद्यावर खिडक्या, बाण फिरवायचा आणि टिचकी मारायची. डब्याची तार लागायला मागे जागा होती, पण डब्याला वाचून दाखवायला पडद्यावर अक्षरंच सरळ येत नव्हती. त्याचा ड्रायव्हर या नव्या यंत्रात चालत नाही, असं इंजिनियर म्हणाला. यावेळी त्याने नीट बसून, कानसेनांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देऊन ते सांगितलं, पण शेवटी सांगायचं होतं ते तेच. अशा यंत्रांशी बोलणारे डबे पुढे निघाले म्हणतात. आमच्याकडे ते आले नाहीत.

त्यांना टेलिफोनच्या बोर्डावर बसवलं. तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत. त्यांना ते काम जमत होतं, आवडत नव्हतं. दोन वर्षं काढून त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

मी अधूनमधून त्यांच्या घरी फोन करते. बहुतेक वेळा बायकोच उचलते. मागच्या महिन्यात मी विचारलं, "काय करतात दिवसभर?"

"बसलेले असतात," ती म्हणाली. "थांबा, देते." मग लांबून तिचा आवाज ऐकू आला, ताईंचा फोन आहे म्हणून. बऱ्याच वेळाने ती परत आली. "उद्या करतो म्हणून सांग, म्हणताहेत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. मीही पुन्हा केला नाही.